शेणखतातून परतलेले तणनाशक

१/ सन २००८चा उन्हाळा. ब्रिटनमधील अनेक भाजीबागांत बटाटा, टोमॅटो, वाटाणा व घेवडा यांची पाने नेच्याच्या कोवळ्या कोंबांसारखी आत वळू लागली. यांतील कित्येकांनी तणनाशकाचा थेंबही वापरला नव्हता. त्यांनी घातले होते ते केवळ शेणखत.

२/ या बागांना मोठी परंपरा आहे. नागरिकांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे लहान तुकडे भाड्याने देण्याची जबाबदारी १९०८च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर टाकली. हीच ती ‘अलॉटमेंट’. दुसऱ्या महायुद्धात याच तुकड्यांनी देशाच्या अन्नपुरवठ्यास हातभार लावला होता.

३/ शोधाअंती कारण सापडले : अमिनोपायरालिड. कुरणांतील रुंद पानांच्या तणांवर फवारले जाणारे हे रसायन ऑक्सिन या वनस्पती-संप्रेरकाची नक्कल करते. तणाची वाढ बेताल होते व ते मरते. गवत मात्र सुरक्षित राहते.

४/ तेच गवत वाळवून गाई-घोड्यांना घातले गेले. जनावराच्या पोटात या रसायनाचे फारसे विघटन होत नाही; शेण, लीद व मूत्रावाटे ते बाहेर पडते. मातीतील सूक्ष्मजीव त्याचा नाश करतात, परंतु खताच्या ढिगात ते दीर्घकाळ टिकून राहते.

५/ पूर्वसूचना आधीच मिळाली होती. सन २०००च्या सुमारास अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, स्पोकेन येथे कंपोस्टमुळे टोमॅटोची रोपे वाकडी झाली. कारण, हिरवळींवर फवारलेले त्याच कुळातील क्लोपायरालिड. एक अब्ज भागांत दहा भाग इतका अंशही नाजूक पिकांस बाधतो. २००२मध्ये त्या राज्याने हिरवळींवरील त्याच्या वापरावर निर्बंध घातले.

६/ ब्रिटनमध्ये तणनाशकाच्या वेष्टनावर खताविषयीची सूचना छापलेली होती. पण ती वाचणार फवारणारा. त्याच्याकडून चारा विकत घेणारा, जनावरे पाळणारा, खत नेणारा यांच्या हाती वेष्टन आलेच नाही. रसायन बागेपर्यंत पोहोचले, सूचना वाटेतच राहिली.

७/ जुलै २००८मध्ये तेथे विक्री स्थगित झाली; पुढे कडक अटींवर परवानगी पुन्हा देण्यात आली. प्रश्न कायमचा मिटला नाही.

८/ यावर बागकामकऱ्यांनी अंगीकारलेला उपाय अगदी साधा आहे. एका कुंडीत खत मिसळलेली माती, दुसरीत बिनखताची. दोन्हींत घेवड्याचे बी. काही आठवड्यांत पहिल्या कुंडीतील पाने वळली, तर ते खत वाफ्यात घालायचे नाही. वेष्टन जे सांगू शकले नाही, ते घेवड्याचे रोप सांगते.