अधिकार घराण्याचा की पदाचा?

शिंदखेड्यासारख्या खानदेशी तालुक्यातील गावदप्तराचा इतिहास हा, एका अर्थी, लिहिण्याच्या अधिकाराचा इतिहास होय. वतनी व्यवस्थेत हा अधिकार कुळकर्णी घराण्यात वंशपरंपरेने चाले. मुंबई राज्याच्या १९५० च्या कायद्याने कुळकर्णी वतने नष्ट झाली. अधिकार घराण्याकडून तलाठ्याच्या पदाकडे आला.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने (१९६६) त्याचे पुन्हा दोन भाग केले. तलाठ्याने फेरफार लिहावा व संबंधितांस नोटीस द्यावी. नोंद प्रमाणित मात्र मंडल अधिकाऱ्याने वा त्याच्या वरिष्ठाने करावी. आजच्या ई-फेरफार संगणकप्रणालीतही हीच विभागणी टिकून आहे.

संगणकशास्त्राने हे तत्त्व स्वतंत्रपणे मांडले. फेराओलो व कून यांनी १९९२ मध्ये परवानगी व्यक्तीऐवजी भूमिकेशी जोडण्याचा विचार पुढे ठेवला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जँगो’ या वेब-चौकटीत पाहणे, भर घालणे, बदलणे व पुसणे या परवानग्या गटास देता येतात. बदली झाली की माणसाचा गट बदलावा. नियम तेच राहतात.

परंतु परवलीचा शब्द दुसऱ्यास दिला की लिहिणारा व तपासणारा एकच होतो. मग कुळकर्ण्याचे वतन नव्या रूपाने परतते, आणि सातबाऱ्यावरील शेतकऱ्याचे नाव एकाच हाताच्या स्वाधीन होते.