टर्बो सी++

टर्बो सी++ हे बोरलँड या अमेरिकी कंपनीने सी व सी++ या भाषांसाठी तयार केलेले एकात्मिक विकसन पर्यावरण आहे. आज्ञावली लिहिणे, तिचे संकलन करणे, ती चालवणे आणि तिच्यातील दोष शोधणे ही कामे त्यात एकाच पडद्यावर करता येतात. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी सी++चे पहिले धडे त्यावर गिरवले. मात्र नव्या विद्यार्थ्याने कोणती आवृत्ती निवडावी, या प्रश्नाच्या संदर्भात त्याच्या मर्यादा महत्त्वाच्या ठरतात.

इतिहास

टर्बो सी १९८७ मध्ये आणि टर्बो सी++ १९९० मध्ये बाजारात आले. डॉस प्रणालीसाठीची ३.० ही आवृत्ती १९९१ मधील आहे. सी++चे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण त्यानंतर सात वर्षांनी, १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्रातील वापर

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावीच्या संगणकशास्त्र विषयात सी++चा समावेश होता. कमी क्षमतेच्या संगणकावरही चालत असल्याने टर्बो सी++ प्रयोगशाळांमध्ये रुळले. नागपूरचे लेखक यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकाच्या सुरुवातीच्या आवृत्त्याही टर्बो सीला अनुसरून होत्या.

प्रमाण भाषेशी तफावत

आवृत्ती ३.० मध्ये नेमस्पेस, अपवाद-हाताळणी आणि ‘बूल’ हा प्रकार नाही. ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ ही शीर्षफाइल आणि पडदा पुसणारी ‘क्लिअरस्क्रीन’ आज्ञा आधुनिक संकलकांत सहसा चालत नाहीत.

पूर्णांकाचा आकारही वेगळा आहे. टर्बो सी++ मध्ये साधा पूर्णांक १६ बिटांचा असून त्याची कमाल मर्यादा ३२,७६७ आहे. त्यामुळे ८चे क्रमगुणित ४०,३२० ऐवजी −२५,२१६ असे येते. ३२ बिटांच्या पूर्णांकात १२पर्यंतची क्रमगुणिते अचूक मिळतात. आज्ञावलीची रीत बरोबर असूनही उत्तर चुकल्यास विद्यार्थी स्वतःलाच दोष देण्याचा संभव असतो.

आवृत्तीची निवड

६४ बिट विंडोजवर १६ बिट आज्ञावल्या थेट चालत नाहीत. त्यासाठी डॉसबॉक्ससारख्या साधनाची गरज पडते. त्यामुळे नव्याने शिकणाऱ्याला जीसीसी हा मोफत संकलक आणि कोड::ब्लॉक्ससारखे पर्यावरण अधिक सोयीचे ठरते. निवड करताना पुढील बाबी पाहिल्या जातात:

* संगणकाची संचालन प्रणाली व क्षमता
* पाठ्यपुस्तक कोणत्या प्रमाणावर आधारित आहे
* प्रात्यक्षिक परीक्षेत कोणते पर्यावरण वापरले जाते
* आवृत्ती स्थिर आहे की चाचणी स्वरूपाची

प्रात्यक्षिक परीक्षा जुन्या पर्यावरणात असल्यास तेथील वेगळ्या शीर्षफाइली व आज्ञा तेवढ्यापुरत्या शिकाव्या लागतात. चल, पुनरावर्तन, फलन, वर्ग या मूळ संकल्पना मात्र दोन्हीकडे समान असतात.

हा प्रश्न सी++पुरता मर्यादित नाही. पायथॉन ३ ही आवृत्ती २००८ मध्ये आली, तरी पायथॉन २चे अधिकृत पाठबळ १ जानेवारी २०२० रोजी संपेपर्यंत दोन्ही आवृत्त्या वापरात होत्या.

हेही पाहा

* सी++
* संकलक
* डॉस