समानतेचा निकष: यंत्राने याद्या जुळविण्याचा इतिहास

दोन याद्या समोर ठेवून पहिलीतील कोणत्या नोंदी दुसरीत आढळतात हे पाहणे व अशा नोंदींवर खूण करणे, हे कारकुनी व्यवहारातील फार जुने काम होय. ते यंत्रावर सोपविताना दोन भिन्न प्रश्न उद्भवतात. तुलना त्वरेने कशी व्हावी, हा पहिला; दोन नोंदी समान केव्हा मानाव्यात, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकाच्या मध्यास हाती आले. दुसरा मात्र दृष्टिआड होत गेला आणि नोंदीच्या पोटात नोंदी साठविल्या जाऊ लागल्या तेव्हा पुन्हा उघडा पडला.

अमेरिकेत १९३५ साली सामाजिक सुरक्षेचा कायदा संमत झाला व असंख्य कामगारांच्या वेतननोंदी ठेवणे प्राप्त झाले. त्या कामासाठी आयबीएम कंपनीने १९३७ मध्ये ‘०७७’ क्रमांकाचे कोलेटर यंत्र आणले. छिद्रे पाडलेल्या पत्त्यांचे दोन गठ्ठे त्यात घातले असता, जुळणारे व न जुळणारे पत्ते निरनिराळ्या कप्प्यांत पडत. याकरिता दोन्ही गठ्ठे आधीच क्रमाने लावलेले असणे आवश्यक असे. कोणते स्तंभ तुलनेस घ्यावयाचे हे माणूस फलकावर तारा जोडून ठरवीत असे. म्हणजेच समानतेचा निकष तेथे डोळ्यांना दिसत होता.

क्रमाचे हे बंधन हॅश पद्धतीने दूर केले. हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्ये आयबीएममधील एका टिपणात तिची कल्पना मांडली. नोंदीतील अक्षरांवरून गणिताने तिची जागा काढावयाची, म्हणजे शोध घेताना सर्व यादी चाळावी लागत नाही. हजार नोंदींच्या दोन याद्या एकास एक भिडविल्यास दहा लक्षांपर्यंत तुलना होतात. हॅशच्या आधारे सुमारे दोन हजार पायऱ्यांत तेच काम उरकते. बेल प्रयोगशाळेत १९७७ साली निर्माण झालेल्या ‘ऑक’ भाषेने, आणि १९८७ मध्ये लॅरी वॉल यांच्या ‘पर्ल’ने, ही सोय सामान्य प्रोग्रामलेखकाच्या हाती दिली. तथापि या अ‍ॅरेंतील मूल्ये साधी असत. अ‍ॅरेच्या पोटात अ‍ॅरे ठेवण्याची सुलभ सोय पर्लमध्ये पाचव्या आवृत्तीने, १९९४ साली, आणली.

रासमुस लेरडॉर्फ यांच्या ‘पीएचपी’ भाषेचा (१९९५) इतिहास या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. तिच्या चौथ्या आवृत्तीत २००० साली ‘अ‍ॅरे_इंटरसेक्ट’ हे दोन याद्यांतील समान मूल्ये काढणारे फलन आले. हे फलन प्रत्येक मूल्याचे अक्षरमालेत रूपांतर करून तुलना करते. मूल्य स्वतःच अ‍ॅरे असेल, तर त्याचे रूपांतर ‘अ‍ॅरे’ या एकाच शब्दात होते! परिणामी सर्वस्वी भिन्न अशा दोन पोटअ‍ॅरे समान ठरतात. पाचव्या आवृत्तीत (२००४) ‘अ‍ॅरे_यूइंटरसेक्ट’ या फलनाद्वारे निकष स्वतः लिहून देण्याची मुभा मिळाली. परंतु तो निकष ‘समान’ वा ‘असमान’ एवढेच सांगून भागत नाही. लहान, समान की मोठे, हे त्याने सांगावे लागते, कारण हे फलन आतून याद्या क्रमाने लावते. कोलेटरची जुनी अट अशा रीतीने पडद्याआड टिकून राहिली.

भाषेच्या तुलनाचिन्हांतही हाच प्रश्न आहे. ‘==’ हे चिन्ह अंकासारख्या दिसणाऱ्या अक्षरमालांना अंक समजते. शून्य, त्यानंतर घातांकाचे अक्षर व पुढे केवळ अंक, अशी दोन भिन्न सांकेतिक मूल्ये असल्यास दोहोंची किंमत शून्य होऊन ती समान ठरतात. परवलीच्या शब्दांची पडताळणी या मार्गाने फसू शकते. आठव्या आवृत्तीने (२०२०) अंक व अक्षरमाला यांच्या तुलनेचे नियम सुधारले, तरी हा विशेष कायम राहिला. ‘===’ हे चिन्ह मूल्याबरोबर प्रकारही पाहते, आणि अ‍ॅरेंच्या बाबतीत घटकांचा क्रमही.

यावरून विद्यार्थ्यांना एक निश्चित कार्यपद्धती घेता येते. प्रथम नोंदीची ओळख पटविणारा घटक, उदाहरणार्थ नोंदणीक्रमांक, ठरवावा. दुसऱ्या यादीतील ते क्रमांक निर्देशांक म्हणून एका अ‍ॅरेत ठेवावेत. मग पहिली यादी एकदाच चालत जाऊन प्रत्येक नोंदीत जुळल्याची वा न जुळल्याची खूण करावी. पीएचपीतील ‘फॉरईच’ नोंदीची प्रत देते. प्रतीवर केलेली खूण मूळ यादीत उमटत नाही, म्हणून ती मूळ अ‍ॅरेच्या निर्देशांकावरच करावी.

यंत्रांचा वेग वाढला, पण ‘समान’ या शब्दाचा अर्थ ठरविण्याची जबाबदारी त्यामुळे संपली नाही. १९३७ साली तो अर्थ तारांनी जोडावा लागे म्हणून कोणी विसरत नसे. आता भाषा तो परस्पर ठरविते, म्हणून प्रोग्राममध्ये तो स्पष्ट लिहिण्याची गरज अधिक आहे.