कर्नलसाहेबांचा ड्रायव्हर

सोसायटीचा खजिनदार होण्याइतका मी भोळा आहे, हे चाळिशी गाठेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. २०१९ साली ते सिद्ध झालं. हिशेबाचा जुना प्रोग्रॅम चाले फक्त विंडोज एक्सपीवर, आणि घरच्या म्हाताऱ्या संगणकावर भाच्याने लिनक्स बसवून ठेवलेलं. ऑडिटर सोमवारी येणार. "मामा, लिनक्सच्या पोटातच एक खोटा संगणक उभा करा नि त्यात एक्सपी चालवा," एवढं सांगून भाचा ट्रेकला निघून गेला.

शनिवारी रात्री पडद्यावर उमटलं, 'कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड', पुढे उणे १९०८. टिळकांना मंडालेची शिक्षा झाली ते साल, यापलीकडे मला काही बोध होईना.

"कर्नलसाहेबांना ड्रायव्हर नाही म्हणे," मी म्हटलं.

"लष्करातली माणसं ती. मिळेल त्यांना दुसरा. तुम्ही झोपा," आतून उत्तर आलं.

झोप कसली! वाचत बसलो. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. १९९१ साली हेलसिंकीत लायनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने तो लिहायला घेतला. खोट्या संगणकाला खऱ्या प्रोसेसरपर्यंत हात पोचवायचा, तर गाभ्यात आपला एक माणूस बसवावा लागतो. त्याला म्हणतात मॉड्यूल. आता गंमत अशी, की कर्नलवाले बाहेरची खिडकी कधी हलवत नाहीत, पण आतली टेबलं सारखी फिरवतात. आमच्या एका मॅनेजरलाही ही खोड होती. पण तो बिचारा कारण देत नसे. यांच्यातल्या ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी चक्क लेखी कारण देऊन ठेवलंय : आतली व्यवस्था बदलणारच, तुमचा ड्रायव्हर आमच्या दप्तरात द्या, म्हणजे टेबलं हलवताना त्याचीही सोय आम्हीच पाहू.

जे बाहेर राहिले त्यांचे हाल. १९९९ साली व्हीएमवेअरचं वर्कस्टेशन आलं. काही ठरावीक कर्नलांसाठी त्यांच्याकडे तयार कपडे होते. बाकीच्यांना कापड मिळे, शिवायचं आपल्या घरी. शिलाईयंत्र म्हणजे जीसीसी कंपायलर आणि मापं म्हणजे कर्नलच्या हेडर फायली. कर्नल जरा सुटला की कपडा उसवला! प्राग शहरातले पेत्र वांद्रोव्हेत्स 'एनी-एनी-अपडेट' नावाची ठिगळं वाटत असत. त्या माणसाला किती जणांचा दुवा लागला असेल! २००८ च्या जानेवारीत २.६.२४ मध्ये ३२ आणि ६४ बिटांची घरं एक झाली, मापं भलत्याच कपाटात गेली. २०१२ च्या डिसेंबरात ३.७ मध्ये व्हर्जन.एच ही फाईल हलली. त्यावर लोकांनी काढलेला तोडगा मला फार आवडला. जुन्या जागी नुसता नव्या पत्त्याचा दुवा ठेवायचा. घर बदललेला भाडेकरू जुन्या दारावर चिठ्ठी लावून जातो, तसा.

डेल कंपनीने डीकेएमएस नावाचा घरगडी शिंपी काढला. नवा कर्नल आला की तो आपणहून शिवतो. केव्हीएम मात्र हुशार. २००७ च्या फेब्रुवारीत २.६.२० बरोबर ते थेट गाभ्यातच शिरलं. कायम नोकरी, टेबलाची काळजी नाही.

आणि माझं काय? लॉगची फाईल उघडली. चालू कर्नलची मापं सापडत नाहीत, अशी तक्रार. 'युनेम -आर' दिलं, तर चालणारा कर्नल जुना आणि मी उतरवून घेतलेले हेडर नवे! महिन्यापूर्वी अपडेट करताना नवा कर्नल येऊन बसला होता. पण मी यंत्र कधी बंदच केलं नव्हतं, नुसतं झोपवत होतो. त्यामुळे गादीवर अजून जुनेच साहेब. चेकवरची सही नवी, नमुन्याची सही जुनी. बावीस वर्षांचा कारकून असतो तर पहिल्या नजरेत चेक परत केला असता. घरी मात्र चार तास लागले.

यंत्र बंद करून सुरू केलं, मॉड्यूल पुन्हा शिवायला सांगितलं. मिनिटभरात ड्रायव्हर हजर. पहाटे दोन वाजता एक्सपीची ती हिरवी टेकडी दिसली, तेव्हा मी हिला उठवायला गेलो आणि शहाणपणाने परत आलो.

मग हिशेब उघडला. सत्तर रुपयांचा फरक होता.