अर्जातला तिसरा रकाना

आपल्या वेळी शाळेच्या अर्जावर मुलगा आणि मुलगी, असे दोनच रकाने होते. त्यात न बसणाऱ्याच्या वाट्याला चिडवणेच यायचे.

आयआयटी मुंबईत २०११ मध्ये समलिंगी व तृतीयपंथी विद्यार्थ्यांसाठी ‘साथी’ हा गट सुरू झाला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ कायम ठेवले, तरी तो टिकला. २०१४ च्या नाल्सा निकालाने तृतीयपंथीयांना कायदेशीर ओळख दिली. २०१८ मध्ये मुंबईच्या ‘टिस’मध्ये लिंगनिरपेक्ष वसतिगृह झाले, त्याच वर्षी ६ सप्टेंबरला प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत.

सॉफ्टवेअरमध्ये तिसरा रकाना काही मिनिटांत वाढवता येतो. वर्गात त्याला वर्षे लागतात. २०१९ च्या कायद्याने मान्यताप्राप्त शाळांवरही तृतीयपंथी मुलांना भेदभावाविना शिकवण्याची जबाबदारी आहे. गुरुजनहो, जामच्या चौरस्त्यावरून एसटी धरून गेलेले आपले असे कुणी असतील, तर पुढच्या मेळाव्याचे आमंत्रण त्यांनाही जावे.