उंदीर कुणाच्या घरचा?

आमच्या सूतगिरणीत रात्रपाळीला उंदरांचा सुळसुळाट. कापसाच्या गाठींत बिळं, कँटीनच्या मागं खरकट्याचा ढीग. एका रात्री माझ्या डब्यातली भाकरी कुरतडलेली निघाली. जॉबर म्हणाला, ‘‘तुमच्याच वस्तीतनं येत्यात हे.’’ सगळे हसले. मीपण हसलो. घरी आलो तर झोप लागेना. आपण का हसलो, याचीच लाज वाटत राहिली. मग वाचायला घेतलं. जे सापडलं ते तुमच्यापुढं मांडतो.

दोस्तांनो, उंदराला जात कळत नाही. त्याला दाणा, पाणी आणि बीळ एवढंच लागतं. माणूस धान्य साठवायला लागला तेव्हापासून तो आपल्या मागं आहे. काळा उंदीर तर मूळचा आपल्याच उपखंडातला, इथूनच व्यापाराच्या वाटेनं जगभर गेलेला. तो चढण्यात पटाईत. कौलात, माळ्यावर, माणसाच्या उशाशी राहतो. तपकिरी उंदीर अंगानं थोराड, तो गटारात राहतो. मादी तीन आठवड्यांत विते. अर्धे मारले तर उरलेल्यांना दाणा जास्त मिळतो आणि थोड्याच महिन्यांत फौज पुन्हा तेवढीच. म्हणजे उंदीर किती असावेत हे काठी ठरवत नाही, उघडं धान्य आणि न उचललेला कचरा ठरवतो. आता हे ध्यानात ठेवून १८९६ ची मुंबई बघा.

मांडवी. बंदराला लागून धान्याच्या वखारी, वखारींच्या आसपास दाटीवाटीची घरं. १८९४ साली हाँगकाँगला प्लेग झाला होता. तिथूनच तो जहाजानं इथं आला, असं मानतात. मांडवीत आधी उंदीर मेले, मग माणसं. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी हा प्लेग आहे हे ओळखलं. वखार व्यापाऱ्याची, पोतं हमालाच्या पाठीवर. उंदीर पोसला वखारीनं, आणि नाव झालं गरिबाच्या घाणीचं.

सरकारनं काय केलं? गटारं धुतली, भिंतींना चुना फासला, घरांची कौलं काढली, दारांवर ‘यू.एच.एच.’ लिहिलं. म्हणजे माणसांनी राहायला नालायक. माणसं ओढून इस्पितळात नेली. २९ ऑक्टोबर १८९६ ला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. ते अडाणी होते म्हणून गेले, असं शिकलेले लोक लिहितात. पण तिथं नेलेला माणूस परत येत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

आणि दुसऱ्याच दिवशी म्युनिसिपालिटीनं नियम सैल केले. कामगारांची भीती होतीच, पण कमिशनर स्नोला त्याहून मोठी धास्ती दुसरी होती. हलालखोर आणि झाडूवाले मुंबई सोडून गेले तर शहर राहण्याजोगंच उरणार नाही! मी हे दोनदा वाचलं. ज्यांची सावली चालत नव्हती त्यांच्या जाण्याच्या नुसत्या शक्यतेनं साहेबाची झोप उडाली होती. आपल्या बापजाद्यांच्या हातात काय ताकद होती हे साहेबाला कळलं होतं. आपल्याला कुणी सांगितलं नाही.

लोक तरीही पळाले. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती, १९०१ ला ती ७,७६,००६ वर आली. तिकडं पुण्याजवळ मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगचं पोर पाठीवर घेऊन सावित्रीबाई यशवंताच्या दवाखान्याकडं निघाल्या. १० मार्च १८९७ ला त्याच रोगानं त्या गेल्या. सरकार दारावर खुणा करत होतं, ही बाई पोर उचलत होती. दोन्ही इतिहास आहेत. आपला कुठला ते ठरवा.

१८९८ ला कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं दाखवून दिलं की प्लेग पिसवेतून जातो. उंदीर मेला, अंग गार पडलं की पिसू त्याला सोडते आणि दुसरं गरम अंग शोधते. मोठ्या आयोगाला ते पटलं नाही. पुढं मुंबईत लिस्टननं तोच माग काढला. १९०५ नंतर दुसऱ्या आयोगानं प्लेगच्या खोल्यांत गिनीपिग ठेवले. बारीक जाळीच्या पिंजऱ्यातले जगले, उघडे मेले. साथ आधी गटारातल्या उंदरांत, दहाएक दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांत, आणखी दहा-पंधरा दिवसांनी माणसांत, हा क्रमही कळला. म्हणजे मेलेला उंदीर वस्तीला आधीच सांगत होता. ऐकणारं कुणी नव्हतं. तोवर लाखो गेले. वीस-पंचवीस वर्षांत देशात जवळजवळ एक कोटी.

१८९८ ला इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्यानं सुरुवातीला पाडलं जास्त, बांधलं कमी. तरी ज्या चाळी बांधल्या त्यातल्याच परळच्या एका चाळीत बाबासाहेब कुटुंबासह वर्षानुवर्षं राहिले, रात्र-रात्र वाचत बसले. आपल्या चळवळीची एक खोली अशी प्लेगाच्या पाठोपाठ आलेली आहे.

पुढं मुंबई महापालिकेनं रात्री काठी-बॅटरी घेऊन उंदीर मारायला माणसं ठेवली. एका रात्रीत तीस उंदीर, असं माप. बाजारातला कचरा तसाच, गटार उघडं, आणि एक माणूस अंधारात मोजून मारतोय! २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टो पसरला. तो उंदराच्या मुतातून पाण्यात उतरतो आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतो. गटारात उघड्या पायानं कोण उतरतं, ते मी सांगायला नको.

म्हणून भावांनो, आपापल्या वस्तीत एक वही घाला. कचरा शेवटचा कधी उचलला, गटार कुठं उघडं, शेजारचं गोदाम कुणाचं, मेलेला उंदीर कुठं दिसला, तारखेनिशी लिहा. ती वही घेऊन वॉर्ड ऑफिसात जा. उंदीर मारायची नोकरी मागण्याआधी कचरा उचलायची जबाबदारी मागा, आणि उचलणाऱ्याला बूट-हातमोजे मागा.

परवा जॉबर पुन्हा तेच म्हणाला. मी त्याला हाताला धरून कँटीनच्या मागं नेलं आणि ढीग दाखवला. म्हटलं, ‘‘हे उंदीर इथलेच. मालकाच्या घरचे.’’ ह्या वेळी कुणी हसलं नाही.