मुंबईतील काँक्रीटचे बांधकाम आणि परवान्याचा प्रश्न : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

मुंबईच्या इतिहासलेखनात गिरण्या, गोद्या, चाळी आणि कामगार चळवळी यांना योग्य ते स्थान मिळाले आहे. परंतु विसाव्या शतकात ज्या पदार्थाने या शहराचे रूप पालटले त्या काँक्रीटचा, आणि ते प्रत्यक्ष ओतणाऱ्या ठेकेदाराचा इतिहास मात्र बराचसा दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात एका मर्यादित प्रश्नाचा विचार केला आहे. या शहरात इमारत बांधण्यासाठी कोणकोणते परवाने लागत गेले, आणि परवान्यांच्या या जाळ्यात काँक्रीटचे काम करणारा ठेकेदार नेमका कोठे बसतो? प्रश्न वरवर पाहता कार्यालयीन स्वरूपाचा वाटतो. परंतु इमारत कोसळते तेव्हा उत्तर कोणी द्यावयाचे, हे त्यावरच अवलंबून असते.

१८८८ चा कायदा : आराखडा आणि नळ

मुंबई महानगरपालिका कायदा, १८८८ हा शहरातील बांधकाम नियंत्रणाचा मूळ आधार होय. या कायद्याच्या ३३७ व्या कलमानुसार इमारत बांधू इच्छिणाऱ्याने आयुक्तांना तशी सूचना द्यावयाची आणि ३४६ व्या कलमानुसार आयुक्तांनी आपली नापसंती कारणांसह कळवावयाची, अशी रचना आहे. यातूनच 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल' अर्थात 'आयओडी' हा विलक्षण शब्दप्रयोग रूढ झाला. नाव नापसंतीचे, परंतु व्यवहारात तीच सशर्त परवानगी! इतिहासाच्या वर्गात हे सांगितले की विद्यार्थ्यांना प्रथम विनोद वाटतो. वास्तविक त्यामागे एकोणिसाव्या शतकातील एक निश्चित विचार आहे. जमीन मालकाची, बांधण्याचा अधिकारही त्याचाच. शासनाने केवळ हरकत घ्यावयाची, असा तो विचार होय.

हरकत कशाबद्दल घ्यावयाची, हे पाहिले असता त्या काळाची चिंता स्पष्ट होते. उजेड, वारा, सांडपाणी, शौचकूप, दोन इमारतींमधील अंतर हे विषय पुनःपुन्हा येतात. कॉलऱ्याच्या साथी लोकांच्या स्मरणात होत्या आणि १८९६ च्या प्लेगने ही भीती अधिकच दृढ केली. १८९८ साली स्थापन झालेला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट हे त्याचेच फलित. याच कायद्याच्या ३५५ व्या कलमाखाली परवाने दिले जातात. आज उपलब्ध असलेल्या कायद्यात त्या कलमात सर्वेक्षक, वास्तुशास्त्रज्ञ, अभियंते, संरचना आरेखक, कामावर देखरेख करणारे आणि प्लंबर यांचा उल्लेख आढळतो. नळ जोडणाऱ्याला परवाना आवश्यक ठरला, कारण सदोष नळातून रोग पसरतो. भिंत रचणाऱ्या गवंड्याला तो आवश्यक मानला गेला नाही. दगड, वीट, चुना आणि सागवान यांच्या काळात हे फारसे खटकणारेही नव्हते. दगडाचा थर वाकडा असेल तर तो डोळ्यांना दिसतो. तुळई कुजली तर ती टोचून पाहता येते.

काँक्रीटचे आगमन

काँक्रीटने नेमके हेच बदलले. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचे प्रमाण, मिश्रण कोंबण्याची पद्धत, सळईवरील आच्छादनाची जाडी आणि त्यानंतर दिलेले पाणी यांवर त्याचे बळ ठरते. पाण्याचे प्रमाण वाढले की ताकद घटते, हा नियम डफ अ‍ॅब्रम्स या अमेरिकन संशोधकाने १९१८ साली मांडला. घमेले घेऊन रांगेत उभ्या असलेल्या मजुरांना मात्र पातळ माल ओतणे सोपे जाते. काँक्रीट एकदा घट्ट झाले व त्यावर गिलावा चढला की आतील दोष वर्षानुवर्षे झाकले जातात. इमारतीचे भवितव्य आराखड्याइतकेच स्लॅब ओतण्याच्या त्या काही तासांत ठरू लागले, आणि त्या तासांचा स्वामी ठेकेदार होता.

मुंबईत या तंत्राचा मोठ्या प्रमाणावरील प्रयोग शासनाने स्वतःच केला. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात १९२० साली स्थापन झालेल्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभारल्या. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या अशा या प्रबलित काँक्रीटच्या 'बीडीडी' चाळी होत. बॅकबे भरावाच्या कामावरून याच खात्यावर खुर्शेद नरिमन यांनी केलेली टीका सर्वज्ञात आहे. तथापि त्या वादाचा रोख सार्वजनिक पैशाच्या उधळपट्टीवर राहिला. काम करणाऱ्याची पात्रता हा प्रश्न त्यातून स्वतंत्रपणे पुढे आला नाही.

१९३० नंतरच्या दोन दशकांत मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या परिसरात काँक्रीटच्या इमारतींची रांग उभी राहिली. १९३६ साली अनेक सिमेंट कंपन्यांच्या विलीनीकरणातून एसीसी ही कंपनी अस्तित्वात आली. प्रबलित काँक्रीटची भारतीय मानक संहिता 'आयएस ४५६' प्रथम १९५३ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे अनेकदा सुधारली गेली. पदार्थ कसा असावा, याचे नियम असे तपशीलवार होत गेले. तो कोणी करावा, याविषयी कायदा बोलत नव्हता.

गोणीचा परवाना

मुंबईच्या बांधकामविश्वात 'परमिट' हा शब्द अनेक वर्षे माणसाच्या पात्रतेपेक्षा सिमेंटच्या गोणीशी जोडलेला होता, हे येथे विशेषत्वाने नोंदवावयास हवे. दुसऱ्या महायुद्धात सिमेंटच्या किमतीवर व वाटपावर नियंत्रण आले आणि स्वातंत्र्यानंतरही ते निरनिराळ्या स्वरूपांत दीर्घकाळ टिकले. घराला मोरी बांधावयाची तरी अर्ज, शिफारस आणि प्रतीक्षा. अशा वेळी ज्याला सिमेंट मिळविता येते तोच कुशल ठेकेदार ठरला, तर नवल नव्हते.

याची परिणती १९८१-८२ साली दिसून आली. तत्कालीन मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांच्या कारकिर्दीतील सिमेंट वाटप आणि इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानाला बांधकाम व्यावसायिकांकडून मिळालेल्या देणग्या यांचा संबंध मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मधील निकालात ग्राह्य धरला. अंतुले यांनी राजीनामा दिला. फौजदारी खटल्याचा प्रवास वेगळा झाला. तो उच्च न्यायालयात चालविण्याचा १९८४ चा आपला आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली स्वतःच रद्द केला. या प्रकरणाची राजकीय बाजू पुष्कळ चर्चिली गेली आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते तिची बांधकामविषयक बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. गोणी दुर्मिळ असली की मिश्रणातील सिमेंट वाचविण्याचा मोह वाढतो, आणि त्या टंचाईच्या दशकांत बांधलेल्या असंख्य इमारतींत आजही लोक राहत आहेत. फेब्रुवारी १९८२ मध्ये सिमेंट अंशतः आणि मार्च १९८९ मध्ये पूर्णतः नियंत्रणमुक्त झाले. गोणीचा परवाना संपला. तिच्या जागी ती वापरणाऱ्याचा परवाना आला नाही.

ठेकेदार आणि त्याचे मजूर

ठेकेदाराची नोंदणीच नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही. सार्वजनिक बांधकाम खाते व महानगरपालिका आपापल्या कामांसाठी ठेकेदारांची आर्थिक कुवत आणि अनुभव पाहून वर्गवार नोंदणी करतात. ही व्यवस्था शासन ग्राहक असते तेथेच लागू पडते. खाजगी इमारतीच्या बाबतीत महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे 'सीसी', घ्यावे लागते. विकास नियंत्रण नियमावलीनुसार परवानाधारक तज्ज्ञ नेमावे लागतात. स्लॅब ओतणारा उपठेकेदार या कागदांत बहुधा कोठेच नसतो.

कायद्याने त्याला ओळखले ते मजुरांचा मालक म्हणून. कंत्राटी कामगार अधिनियम, १९७० नुसार वीस वा अधिक कामगार लावणाऱ्या कंत्राटदाराला परवाना घेणे बंधनकारक झाले. ही मर्यादा महाराष्ट्राने पुढे पन्नासवर नेली. परिणामी लहान टोळ्या त्यातून सुटल्या, आणि सेंट्रिंग व स्लॅबची कामे प्रामुख्याने लहान टोळ्याच करतात. तेलंगणातील पालमूर भागातून येणाऱ्या मजुरांची परंपरा या शहराला जुनीच आहे. कामाठीपुऱ्याचे नावच तिची साक्ष देते. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीचा केंद्रीय कायदा १९९६ साली आला, तर महाराष्ट्राचे नियम २००७ साली. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू होऊन या जुन्या कायद्यांची जागा त्यांनी घेतली. या साऱ्यांचा हेतू कामगारांचे संरक्षण हा असून तो सर्वथा योग्यच आहे. परंतु काँक्रीट कसे ओतले गेले, हे त्यांतून तपासले जात नाही.

उत्तरदायित्व

२०१३ या एकाच वर्षातील दोन दुर्घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. ४ एप्रिल रोजी ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत शिळफाटा परिसरात अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा मृत्यू झाला. २७ सप्टेंबर रोजी डॉकयार्ड रोड येथील बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून ६१ जण दगावले. पहिलीला परवानगीच नव्हती. दुसरी खुद्द महानगरपालिकेच्या मालकीची होती आणि तीत पालिकेचेच कर्मचारी राहत होते. परवानगी नसणे हेच कोसळण्याचे कारण, हे पहिल्या घटनेनंतर सर्वत्र मांडले गेलेले सरळ उत्तर सहा महिन्यांच्या आतच अपुरे ठरले.

कायद्याने आज दोन टोके धरली आहेत. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत आढळलेला संरचनात्मक दोष प्रवर्तकाने विनामूल्य दूर करावयाचा आहे. दुसरीकडे, महानगरपालिका कायद्याच्या ३५३ब कलमानुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण मालकाने वा रहिवाशांनी करून घ्यावयाचे आहे. मधल्या पंचवीस वर्षांत समुद्राची खारी हवा आणि गळके पाणी सळईपर्यंत पोहोचते. तेव्हा गच्चीवर चढून तडे पाहणारी गृहनिर्माण संस्थेची समिती वर्गणी काढू लागते, आणि ज्याने तो स्लॅब ओतला त्याचे नाव संस्थेच्या दप्तरात शोधूनही सापडत नाही.